उचलता उचलता

(गिरगावातली एक वाडी. सकाळचे सहा. प्राजक्ताखाली सडा पडला आहे. एक आजी वाकून परडीत फुलं गोळा करताहेत.)

भाद्रपदातली सकाळ. प्राजक्त कुणी तोडत नाही. रात्री उमललेली फुलं पहाटे आपणहून खाली येतात, मग ती वेचायची. वेचणं. या कामासाठी मराठीने वेगळं क्रियापद राखून ठेवलं आहे. गुलाब आपण खुडतो, जास्वंद तोडतो, तांदूळ निवडतो आणि प्राजक्त वेचतो.

इंग्रजीत गुलाब 'पिक' करतात, जास्वंदही 'पिक'च करतात. पण जमिनीवर पडलेला प्राजक्त 'पिक अप' करावा लागतो. फूल फांदीवर होतं की मातीवर, एवढी मोठी गोष्ट पाठीमागून आलेल्या इवल्याशा 'अप'ने सांगितली.

आज दिवसभर या 'अप'च्या मागोमाग आपण मुंबईत हिंडणार आहोत.

(दादर पश्चिम. पुलाजवळचा भाजीबाजार. गाड्यांतून माल उतरतो आहे.)

दादरला या वेळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. हमालांची आपापसातली बोली दोन-तीन शब्दांची. उचल. धर. सोड. कडेला जी गाडी उभी आहे, मागे उघडा हौदा असलेली, तिला बाजारातला प्रत्येक जण पिकअप म्हणतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत असल्या गाड्यांना हे नाव पडलं. माल उचलायचा, हौद्यात टाकायचा आणि निघायचं, म्हणून पिकअप. नाव तिथून आलं, पण इथे येताना ते मराठी होऊन आलं. ऐका, कसं बोलतात ते. "नाशिकची पिकअप आली का?" नाशिकची. आली. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नसतं, आपण मात्र गाडीची मुलगी करून टाकली.

आणि हाच शब्द दोन गल्ल्या ओलांडून गॅरेजमध्ये गेला की पुल्लिंगी होतो.

(गॅरेज. दुचाकी सुरू होते, धडधडते, बंद पडते.)

"गाडीचा पिकअप गेलाय." मालक म्हणतो. मेकॅनिक काही न बोलता एकदा मूठ पिळतो, आवाज ऐकतो. "एअर फिल्टर बघायला लागेल. नाहीतर क्लच प्लेट." दोघांना एकमेकांचं अगदी बरोबर कळलेलं असतं. मूठ पिळल्यावर गाडीने जो झटकन वेग घ्यायला हवा, तो पिकअप. इंग्रजीत गाडी 'पिक्स अप स्पीड', वेग पकडते. तिथला वेग आपण गाळून टाकला आणि नुसता पिकअप ठेवला. इंग्लंडमधला मेकॅनिक बहुधा 'अ‍ॅक्सलरेशन' म्हणेल. मुंबईतला पिकअप म्हणतो, आणि मला हा शब्द जास्त जिवंत वाटतो, कारण त्यात गाडीची ओढ जाणवते.

धोबी तलावाच्या खेळसाहित्याच्या दुकानांत पिकअप आणखी वेगळा. आझाद मैदान जवळच, त्यामुळे इथे बॅट घ्यायला आलेली मुलं नुसती बघणारी नसतात. काउंटरवरच्या दोन बॅटी काट्यावर सारख्या भरतात. मुलगा दोन्ही हातांत घेऊन हलवतो आणि एक परत ठेवतो. "हिचा पिकअप नाही चांगला." बॅटचं वजन नेमकं कुठे साठलंय, मूठ कशी बसलीय, लाकडाचा फुगवटा खाली आहे की मधोमध, त्यावर ती हातात जड येते की हलकी, ते ठरतं. काट्याला हे कळत नाही. हा मात्र मूळचा क्रिकेटचाच शब्द. इंग्रज खेळाडूही बॅटच्या बाबतीत तोच वापरतात.

फोनचं तर विचारूच नका. "किती वेळ वाजतोय, उचल की!" फोन भिंतीवर किंवा टेबलावर होता आणि रिसीव्हर खरोखरच हाताने उचलावा लागे, तेव्हा 'पिक अप द फोन' आणि 'फोन उचल' ही दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी होती. आता आपण काचेवर बोट सरकवतो. उचलण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी दोन्ही भाषा अजून उचलताहेत.

(शाळेचं फाटक. दुपारचे साडेबारा. पालकांची गर्दी. छत्र्या, पाण्याच्या बाटल्या.)

इथे जरा थांबू या, कारण या फाटकाशी मराठी आणि इंग्रजी एकमेकींपासून फार सुंदर रीतीने वेगळ्या होतात.

शिशुवर्ग सुटायची वेळ. मुलाच्या वहीत शाळेची सूचना चिकटवलेली आहे, तिच्यात 'पिक-अप टाइम' लिहिलंय. मुलाला घेऊन जाण्याची वेळ. हे मराठीत कसं म्हणाल? 'मुलाला उचलायची वेळ' म्हटलं तर शेजारीपाजारी घाबरून धावत येतील. मराठीत मूल शाळेतून उचलत नाहीत. मग काय करतात?

आजी घरातून निघताना शेजारणीला सांगून निघाल्या, "नातवाला आणायला चालले." आणायला. वीस मिनिटांनी फाटकावर त्याच आजी रखवालदाराला म्हणाल्या, "नातवाला न्यायला आले." न्यायला. माणूस तोच, नातू तोच, काम तेच. क्रियापद बदललं, कारण आजी कुठे उभ्या राहून बोलताहेत ते बदललं. घराकडे येणारं ते आणणं, इथून दूर जाणारं ते नेणं. मराठी बोलणारा माणूस दर वाक्याला मनात हा नकाशा काढतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. कुणी शिकवलेलं नसतं, आणि चूक होत नाही.

'पिक अप'ला हा नकाशा लागत नाही. तुम्ही घरी असा, वाटेत असा, फाटकावर असा, शब्द तोच. त्याला दुसरीच गोष्ट सांगायची असते. कुणीतरी कुठेतरी थांबलेलं आहे आणि तुम्ही जाऊन त्याला सोबत घेणार आहात. थांबलेल्याला घेणं, हा त्याचा गाभा. म्हणून विमानतळावर पिकअप असतो, मालाडच्या माइंडस्पेस या ऑफिसांच्या संकुलात रात्रपाळीला जाणारी मुलगी आईला सांगते, "माझा पिकअप साडेनऊचा आहे, जेवायला लवकर वाढ." म्हणून दुकानात बांधून ठेवलेली औषधं पिक अप होतात आणि इस्त्रीवाल्याकडचे कपडेही. मुलगा, औषधं, कपडे. सगळे वाट पाहणारे.

"येताना भाजी पिक अप कर," असं नवरा-बायको फोनवर बोलतात तेव्हा तोच अर्थ. मराठीत सांगायचं तर "येताना भाजी घेऊन ये". 'उचलून आण' म्हणाल तर भाजीवालीला काही मिळणार नाही. कारण मराठीत उचलणं हे चोरीच्या फार जवळ राहतं. उचलेगिरी, उचल्या.

(एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या पायऱ्या. ऊन. पायऱ्यांवर बसलेली तरुण मुलं, हातात स्पर्धापरीक्षेची गाइडं.)

१८३३ साली ही इमारत पुरी झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८३१मध्ये, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश छापून निघाला होता. सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. मराठी शब्द आणि त्याचे इंग्रजी अर्थ. तेव्हा धडपडत होता तो इंग्रज, त्याला आपली भाषा यायला हवी होती. आज याच पायऱ्यांवर उलट चाललंय. मुलांच्या मांडीवर इंग्रजी शब्दसमूहांची यादी आहे. पिक अप : एक, उचलणे. दोन, शिकणे. तीन, सुधारणे. चार, अटक करणे. पाच, विकत घेणे. यादी संपत नाही. मुलं डोळे मिटून पाठ करताहेत.

ही अडचण नवीन नाही आणि तिची कबुली खुद्द इंग्रजांनीच दिलेली आहे. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं की, क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही पद्धत आमच्या भाषेत बहुधा इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे, आणि परक्या माणसाला सगळ्यात मोठी अडचण होते ती इथेच. म्हणून असे प्रयोग आपण काळजीने नोंदवले, असंही ते सांगतात. पुढे एकशे सत्तर वर्षांनी, १९२५ साली, लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी या जोड्यांसाठी 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापून आणलं. नाव आपलं नाही, हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. हे ब्रॅडली ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे संपादक.

नाव मिळालं आणि वर्गात भीतीचं एक प्रकरण तयार झालं.

मला त्या भीतीबद्दल बोलायचं आहे. माझी पहिली नोकरी अंधेरीतल्या एका ऑफिसात होती. एका बैठकीत मी म्हणाले, 'आय विल पिक अप इट.' टेबलाच्या पलीकडून एकाने ते वाक्य तसंच्या तसं परत म्हणून दाखवलं आणि दोघं-तिघं हसले. चूक काय झाली ते कुणी सांगितलं नाही. मी पुढचे सहा महिने बैठकीत तोंड उघडलं नाही. जे सांगायचं ते लिहून पाठवायचे. लिहिताना दहादा तपासता येतं.

चूक एवढीच होती की 'इट' मधे यायला हवं होतं. पिक इट अप. वस्तूचं नाव असेल तर दोन्ही चालतं, 'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप'. पण तो, ती, ते असलं सर्वनाम आलं की ते मधेच घ्यायचं. हे मला कुणीही अर्ध्या मिनिटात सांगू शकलं असतं. आणि ज्या भाषेत मी वाढले तिच्याच आधाराने सांगता आलं असतं.

(स्वयंपाकघर. ओट्यावर वही. एक हात फोनवर, दुसऱ्या हाताने लिहिणं चाललं आहे.)

बघा. लिहिणं, हे एक क्रियापद. आता आपण घरात कसं बोलतो? "पत्ता लिहून घे." म्हणजे तुझ्यासाठी, आत्ता, कुणी सांगतंय तोवर. "आजीला अर्ज लिहून दे." म्हणजे दुसऱ्यासाठी. "गॅसचा नंबर लिहून ठेव." म्हणजे पुढे लागेल. "सगळा धडा लिहून काढ." म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत, सोडायचं नाही. "काय ते एकदाचं लिहून टाक." म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरव. आणि "हा असं काहीतरी लिहून बसला." म्हणजे झाली ना पंचाईत.

घेणं, देणं, ठेवणं, काढणं, टाकणं, बसणं. बसलेलं कुणीच नाही! लिहून बसणारा माणूस कदाचित उभ्यानेच लिहीत असेल. या क्रियापदांनी स्वतःचा अर्थ जवळजवळ सोडला आणि शेजारच्या क्रियापदाला रंग दिला. मराठी व्याकरणात त्याला संयुक्त क्रियापद म्हणतात. इंग्रजीतला 'अप' हेच काम करतो. 'ईट अप' म्हणजे वर खाणं नव्हे, खाऊन टाकणं. 'ड्रिंक अप', पिऊन टाक. 'यूज अप', वापरून संपव. 'राइट डाउन'पाशी आपलं लिहून ठेवणं आणि लिहून घेणं आहे, 'राइट आउट'पाशी लिहून काढणं. सगळीकडे जोडी जुळत नाही, जुळायचं कारणही नाही. पण छोट्या शब्दाने मोठ्या शब्दाचा कल फिरवायचा, ही खोड आपल्याला पाळण्यापासून माहीत आहे. कुठलाही मराठी मुलगा 'बोलून गेला' आणि 'बोलून टाकलं' यांत घोटाळा करत नाही. पहिल्यात तोंडून निसटलं, दुसऱ्यात ठरवून सांगितलं. हा कान ज्याच्यापाशी आहे त्याला यादी कशाला द्यायची?

आणि ते मधे येणारं 'इट'? आपणही मधे घालतोच की. "बोलून तर बघ." "देऊन तरी टाक." "उचलूनच घे त्याला." आपल्याकडे मधे येतात ती 'तर', 'तरी', 'च' अशी अव्ययं, इंग्रजीत येतं सर्वनाम. तेव्हा दोन शब्दांची जोडी मधूनच उघडते आणि तरी तुटत नाही, हे आपल्याला नवं नाही.

(पुन्हा रस्ता. लालबाग. संध्याकाळची वर्दळ.)

आता 'उचलणं' पुन्हा हातात घेऊ. इंग्रजीशी त्याची किती ठिकाणी गाठ पडते ते पाहून मी स्वतः थक्क झाले.

पोलिसांनी पहाटे तिघांना उचललं. इंग्रजीतही अगदी असंच, 'पिक्ड अप'. लग्नाचा सगळा खर्च मामाने उचलला. हॉटेलचं बिल कुणी भरायचं, तेव्हा इंग्रज माणूसही ते 'पिक अप' करतो. "ही शिवी कुठून उचललीस?" आई विचारते, तेव्हा तोच 'पिक अप'. कोकणातून आलेला मुलगा लालबागमध्ये राहून मुंबईचा हेल उचलतो, शेजारच्या गुजराती मुलांशी खेळून गुजराती उचलतो. कुणी वर्ग घेतलेला नसतो. कानावर पडतं आणि जिभेवर येतं. असं शिकणं दोन्ही भाषांना उचलण्यासारखंच वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. पुस्तकातून शिकतो तेव्हा आपण शिकतो. वाटेवर पडलेलं मिळतं तेव्हा उचलतो. तो प्राजक्तच की!

मंदावलेला धंदा दिवाळीच्या तोंडावर 'पिक अप' होतो. आपण म्हणतो, मागणीने उचल खाल्ली. जुनं दुखणंही उचल खातं, पण तिथे इंग्रजी साथ सोडते. इंग्रजीत दुखणेकरी 'पिक अप' झाला तर तो बरा होत असतो. आपली उचल खाण्यात जोर असतो, तो भल्याचा असो की बुऱ्याचा. आणि सर्दी 'पिक अप' केली असं इंग्रजीत म्हणतात, मराठीत ती कधी उचलत नाहीत. "कुठून सर्दी घेऊन आलास?" असं विचारतात, जणू तो बाजारातून पिशवी भरून आला.

वारा 'पिक अप' होतो, आपल्याकडे वाऱ्याला जोर चढतो. माइक आवाज 'पिक अप' करतो, आपला माइक आवाज टिपतो. टिपणं! पाखरू दाणा टिपतं तसं. इथे मराठी शब्द मला जास्त बारकाईचा वाटतो. आत्ता तुम्ही माझा आवाज ऐकता आहात त्याच्यामागे लालबागची रहदारी आहे. तीही माइकने टिपली, मी काढून टाकलेली नाही.

एक अर्थ जपून वापरायचा. स्टेशनवरून मैत्रिणीला 'पिक अप' केलं, यात काही नाही. पण पार्टीत किंवा बारमध्ये अनोळखी मुलीला 'पिक अप' केलं म्हटलं की इंग्रजीत तिला पटवून सोबत नेलं असा अर्थ होतो. शब्द तोच, जागा बदलली, आणि बोलणाऱ्याची पंचाईत होऊ शकते.

आणि उलट बाजूला आपल्या उचलण्याचंही असं बरंच आहे जे 'पिक अप'च्या हाती लागणार नाही. हंगामाआधी ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो ती उचल. आगाऊ पैसे, जे फेडण्यात अख्खा हंगाम जातो. एखाद्या अधिकाऱ्याची रातोरात बदली होते ती उचलबांगडी. एखाद्याची मागणी सगळ्यांनी उचलून धरली. काहीच्या काही बोलणाऱ्याला आजी म्हणते, उचलली जीभ लावली टाळ्याला. 'पिक अप द टंग' असं काही नाही. नसू दे.

आणखी एक गोष्ट कानाने ओळखायची. काम सांगायचं असेल तर इंग्रजीत जोर 'अप'वर येतो. पिक अप, दुसरा शब्द उचलून म्हणतात. पण वाहन किंवा वेळ असं नाम असेल तर जोर पहिल्यावर जातो, पिकअप. लिहितानाही तिथे दोन्ही शब्द एकत्र येतात किंवा मधे छोटी रेघ येते. एकदा मोठ्याने दोन्ही म्हणून बघा. आत्ताच, मी थांबते.

(तीन सेकंद शांतता. रस्त्याचा आवाज.)

(शिवाजी पार्क. सूर्य मावळतो आहे. कट्ट्यावर माणसं. एक आजोबा आणि तीन वर्षांची नात फेरी मारताहेत.)

शिवाजी पार्कची एक फेरी मोठ्या माणसाला फार नाही. तीन वर्षांच्या पायांना पुष्कळ होते. अर्ध्यावर ती थांबते. बाळवाडीतलं इंग्रजी आणि घरातलं मराठी अजून तिच्यात वेगळं झालेलं नाही. आजोबा दोन पावलं पुढे जातात, मागे वळून पाहतात. ती दोन्ही हात वर करून उभी आहे.

"आबा, अप!"

क्रियापद तिने गाळलंय. तिला त्याची गरज वाटली नाही. आबांनी काठी कट्ट्याला टेकवली आणि ते खाली वाकले.